चोवीस तासांची विश्रांती

"पाइप इथपर्यंत पोचत नाही, बाई. दहा-बारा फूट कमी पडतोय," वॉचमन ओरडला.

"मग बादल्या आणा," आत्या म्हणाली.

कत्तलखाना बंद व्हावा म्हणून त्याच्या फाटकासमोर आम्ही चाळीसजण रस्त्यातच मांडी घालून बसलो होतो. पाठीमागे फाटक आणि पुढ्यात मेंढ्यांनी खच्चून भरलेला दुमजली ट्रक. सकाळचे साडेदहा वाजले होते, पण पत्र्याला हात लावला असता तर भाजला असता. ट्रक रात्रभर चालून आला होता. जाळीतून माना बाहेर निघाल्या होत्या, जिभा लोंबत होत्या आणि आवाज जवळपास बंद झाला होता. मेंढ्या ओरडायच्या थांबल्या की त्यांच्या जिवावर आलंय समजावं, हे मला आत्यानंच कधीतरी सांगितलं होतं.

ती फाटकातून बाहेर आली. पांढरा कोट, गुडघ्यापर्यंत गमबूट, दोन्ही हातांत बादल्या. पहिल्या रांगेत बरोबर मधोमध मी बसले होते. केर काढताना घरी म्हणते त्याच आवाजात ती म्हणाली, "सरक जरा."

मी सरकले. काय करणार?

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. त्या कत्तलखान्याची सरकारी पशुवैद्य, सव्वीस वर्षं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील कामासाठी सतत फिरतीवर, म्हणून तिनं मला आपल्याकडे आणलं ते कायमचं. आत सगळे तिला 'पाणीवाल्या बाई' म्हणायचे. ती रुजू झाली तेव्हा आवारात जनावरांना पाणीच नव्हतं. 'मरायच्या आधी कशाला?' असं तिला चक्क विचारलं गेलं होतं. तिनं हौद बांधून घेतला. मग घसरड्या उतारावर खाचा पाडून घेतल्या. मेंढीला कापण्याआधी बेशुद्ध करायचे विजेचे दोन चिमटे होते. त्यातला एक कित्येक महिने बंद पडलेला होता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आता रोज सकाळी सहाला ती दोन्ही चिमटे स्वतः तपासते. सव्वीस वर्षांची मिळकत एवढीच. हौद, खाचा, चिमटे.

मला ती मिळकत पुरेशी वाटत नव्हती. मला ती इमारतच नको होती. अजूनही नको आहे.

महिन्यापूर्वी घरात मोठं भांडण झालं होतं. कंपनीनं मांसाच्या पाकिटांवर आत्याचा हसरा फोटो छापला, खाली 'मायेच्या देखरेखीखाली'. मी एक पाकीट विकत आणून तिच्यापुढे टेबलावर आदळलं.

तिनं चष्मा लावून नीट पाहिलं. "केस फारच पिकलेत," म्हणाली.

"आत्या, हसू नकोस! लोक हे बघतात आणि निश्चिंत होऊन खातात. तुझ्यामुळे!"

"मला विचारलं नव्हतं त्यांनी."

"पण तू तिथे आहेस म्हणून त्यांना हे छापता येतं. तू स्वतः तर कित्येक वर्षांत मांस खाल्लेलं नाहीस. मग आमच्याकडे का येत नाहीस?"

"मी तुमच्याकडे आले की सकाळी सहाला चिमटे कोण बघणार?"

ती हात धुवायला उठली. बराच वेळ नळ चालू होता. नंतर कळलं, फोटो काढा म्हणून तिनं कंपनीला तीन पत्रं लिहिली होती. उत्तर एकाचंही नव्हतं.

तर त्या सकाळी ती बादल्या घेऊन ट्रकशी पोचली, पण वरच्या मजल्यापर्यंत तिचा हात पुरेना. तिनं वळून आमच्याकडे पाहिलं. "कुणीतरी उंच माणूस द्या."

आमच्यात सर होते. निवृत्त शिक्षक, सहा फूट उंच, आमच्या गटाचे आधारस्तंभ. ते उठून उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत.

"डॉक्टरबाई, एक बोलू का?" ते म्हणाले. "तुम्ही चांगल्या आहात, आणि आमची अडचण तीच आहे. निर्दय माणसांच्या जोरावर हा कारखाना इतकी वर्षं टिकला नसता. लोकांनीच बंद पाडला असता. तो तुमच्या चांगुलपणावर चाललाय."

मला वाटलं, आता आत्या चिडणार.

"खरं असेल," ती म्हणाली. "मी पण कधीकधी रात्री हाच विचार करते. बादली धरता का?"

सरांनी बादली धरली.

मग आमच्यातले आणखी काही उठले. काहींनी साफ नकार दिला. पाणी पाजून आत धाडायचं म्हणजे आपणही त्यातलेच झालो, असं त्यांचं म्हणणं होतं. फाटकाच्या नळापासून ट्रकपर्यंत माणसांची साखळी झाली. मॅनेजर बाहेर येऊन मोबाइल उंच धरून फोटो काढू लागला. आत्यानं त्याच्या हातात बादली दिली. "फोटो मागाहून. आधी ही रिकामी करून आणा."

बाराच्या सुमारास पोलिसांनी आम्हाला बाजूला केलं. ट्रक आत गेला. आत्यानं जाता जाता मला विचारलं, "येतेस? बादल्या उचलायला माणूस कमी आहे."

इतक्या वर्षांत मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. गेले.

ट्रकचं फळकूट खाली पडलं. मेंढ्या धडपडत उतरल्या. दहा-अकरा उतरताच बसल्या. एक खालच्या मजल्याच्या कोपऱ्यात मेलेली निघाली. रात्रीच्या प्रवासात गेली की आम्ही ट्रक अडवला त्या दोन तासांत, ते आत्याला सांगता आलं असतं. मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. फक्त त्या मेंढीचे मिटलेले डोळे एकदा बोटानं उघडून पाहिले आणि पुन्हा मिटले.

मॅनेजर घाईत आला. "बाई, कापायला हरकत नाही म्हणून सही करा. सकाळची पाळी बुडालीय, सरळ लाइनवर घेऊ."

"नाही. या दमल्यात. चोवीस तास सावली, पाणी, चारा. नियम आहे."

"नियम मलाही माहितीये. एवढ्या वर्षांत कधी तो एवढा ताणलाय कुणी?"

"मीच ताणलाय. तीनदा."

"अहो, पन्नास माणसं नुसती बसून आहेत! उद्या त्या मरायच्याच आहेत ना? एका दिवसानं काय फरक पडतो?"

आत्या हौदाच्या कठड्यावर बसली होती. तिनं पेनचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "त्यांना विचारून सांगा," म्हणाली.

तो वर फोन करतो म्हणाला. बदली होईल, चौकशी होईल, पेन्शनला दोन वर्षं उरलीत ते लक्षात ठेवा, असंही म्हणाला. आत्यानं मान डोलावली आणि मला हाक मारली, "तिकडच्या कोपऱ्यातल्या दोघींना पाणी मिळालेलं नाही बघ."

चौकशी खरंच झाली, पण पुढे, आणि तिचं काही वाकडं झालं नाही. पाकिटावरचा फोटो मात्र कंपनीनं त्याच महिन्यात काढून टाकला. "तीन पत्रांनी झालं नाही ते एका न केलेल्या सहीनं झालं," असं आत्या हसत सांगते.

त्या संध्याकाळी मेंढ्यांनी चारा खाल्ला. त्यातली एक तर इतकी ताजीतवानी झाली, की माझ्या ओढणीचं टोक चावून पळाली आणि मी हसले. हसताना एकदम लक्षात आलं, की उद्या. मग हसू कुठे ठेवावं ते कळेना. आत्या माझ्याकडेच बघत होती. "रोज असंच असतं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर निघाले. "बघायचं असेल तर सगळं बघ," ती म्हणाली. "अर्ध्यातून पळायचं नाही."

सहा वाजता तिनं दोन्ही चिमटे तपासले. एकाचा दांडा तिला पसंत पडला नाही, तो बदलून घेतला. दुपारी साडेबाराला, चोवीस तास भरल्यावर, उताराचं दार उघडलं. आवाज, वास, सगळं जसं असेल असं मी समजत होते तसंच होतं. तरी मी तयार नव्हते. बाहेर सर आणि बाकीचे येऊन बसले असतील हे मला माहीत होतं, आणि यातून सुटल्यावर मी त्यांच्यात जाऊनच बसणार होते. आजही बसते. फाटक कायमचं बंद व्हावं असं मला वाटतं आणि ते होईल यावर माझा विश्वास आहे. तोवर आत कुणी असावं, हेही आता वाटतं. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

उताराच्या तोंडाशी एक मेंढी थांबली. चारही पाय रोवून. मागची रांग अडली. एका कामगारानं हात उचलला. इतर ठिकाणी काठी असते, इथे ती आत्यानं केव्हाच बंद केली होती, त्यामुळे नुसता हातच. आत्यानं आपला हात वर केला. कामगार थांबला. यंत्र थांबवलं गेलं. अख्ख्या लाइनवरची माणसं, रबरी एप्रन घातलेली, उभी राहिली. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

मेंढीनं खालची फरशी हुंगली. आत्याचा बूट हुंगला. मग कोटाचं टोक.

आत्यानं दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. ढकलला नाही, नुसता ठेवला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग मेंढी आपल्या पायांनी पुढे गेली, आणि आत्या तो रिकामा हात तसाच धरून क्षणभर उभी राहिली, पुढचीला वाट देण्याआधी.