पेंडिंगचा रकाना

धीरज करमरकरने आयुष्यात एकही शिफ्ट हॅंडओव्हर दिल्याशिवाय सोडली नव्हती. एकदाच तसं झालं, आणि त्या वेळी शिफ्टनेच त्याला सोडलं होतं. मानेसरच्या त्याच्या कारखान्यात मोटारींच्या दारांच्या मुठी बनत. चौदा महिन्यांपूर्वी मोटारवाल्यांनी मुठी दुसरीकडून घ्यायचं ठरवलं, आणि एका दुपारी एचआरमधल्या मुलीने त्याच्या हातात एक पत्र आणि एक रोपटं ठेवलं. रोपटं प्लास्टिकचं होतं. त्याची तब्येत अजून उत्तम आहे.

बायको मयुरा केंद्र सरकारच्या नोकरीत. सरकार गेलं तरी ती नोकरी जाणार नव्हती. तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये अवनीला सांभाळायला धीरज घरी राहिला. आता अवनी दुसरीत होती आणि धीरजला पुन्हा मानेसरमध्येच, या वेळी मोटारींचे आरसे बनवणाऱ्या कंपनीत, काम लागलं होतं. सोमवारी सकाळी सहा चाळीसला धौला कुआँहून कंपनीची बस.

म्हणून रविवारी दहा वाजता त्याने हॅंडओव्हर मीटिंग ठेवली. चार्ज घेणार होत्या कौशल्या आंटी. उद्यापासून अवनीला शाळेच्या बसवरून आणून संध्याकाळी सहापर्यंत त्याच सांभाळणार होत्या. धीरजने लॅमिनेट केलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. सगळं हिंदीत आणि मुद्देसूद होतं. दुधावर साय दिसल्यास पुरवठा थांबवावा. रडण्याचा आवाज दोन मिनिटांहून जास्त आल्यास आधी मोजे तपासावेत.

आंटींनी कागद उलटापालटा करून पाहिला. "भैया, बच्ची है या जनरेटर?"

"पेंडिंग काही नाही," धीरज मयुराकडे बघत समाधानाने म्हणाला.

"आहे ना," अवनी म्हणाली, आणि आतून रजिस्टर घेऊन आली.

हे रजिस्टर कारखान्यातलं, पेंडिंगचा रकाना असलेलं. रोपट्याबरोबर चुकून घरी आलेलं. सुरुवातीच्या दिवसांत धीरज सारखा फोनवर असायचा. कधी कन्सल्टंट, कधी इंटरव्ह्यू, आणि यांपैकी काहीच नसेल तेव्हा कुणाचा फोन आलाय का हे बघण्यात. अवनी काही मागायला आली की तो म्हणे, "पेंडिंगमध्ये लिही, बेटा. बाबा नंतर करतो." पद्धत फारच कामाला आली. आठवड्याभरात तक्रारी बंद. त्याने मयुराला हे अभिमानाने सांगितलंही होतं. त्यावर मयुरा म्हणाली होती, "वा. घरात एकाला तरी काम मिळालं." अवनी त्यात चित्रं काढत असेल अशी धीरजची समजूत होती. त्याने ते उघडून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

आता उघडलं. पानंच्या पानं भरलेली. सुरुवातीची अक्षरं आंब्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. 'बाबा मगर बनणे.' 'चिड़ियाचं नाव ठेवणे.' 'लिफ्टने दहा वेळा वर-खाली.' 'ढग दाखवणे, अर्जंट.'

धीरजच्या अंगात मशीन बंद ठेवून साठलेली कामं उरकायच्या, शटडाऊनच्या दिवसाचा इंजिनिअर संचारला. "आज सगळं क्लोज करू. एकेक वाच."

मगर लगेच झाली. दिवाणाखाली शिरताना मगरीची कंबर धरली, तेव्हा आंटींनी शेपटीच्या जागी धरून तिला बाहेर ओढलं. लिफ्टमध्ये शेजारचे दिनकरराव होते. ते रिटायर्ड अंडर सेक्रेटरी. त्यांना चौथ्यावर उतरायचं होतं. सातव्या फेरीला त्यांनी, "करमरकर, याला काही लेखी आदेश आहे का?" असं विचारलं. अवनीने रजिस्टरमधली नोंद दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि उरलेल्या तीन फेऱ्या मुकाट्याने पूर्ण केल्या.

पण पुढच्या नोंदींवर अवनी स्वतःच पेन्सिलने काट मारत चालली.

"हे कॅन्सल. हे पण."

"अगं, थांब. चिमणीचं नाव ठेवू ना आत्ता."

"ती गेली, बाबा. केव्हाच."

"आणि हा डान्स? बघतो ना मी."

"तो मी विसरले." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून, "इट्स ओके यार, जुनं आहे सगळं."

काट मारता मारता ती एका पानावर थांबली. 'दात पडला. दाखवणे.'

धीरजला ती दुपार आठवली. इंटरव्ह्यूचा तिसरा राउंड, समोर स्क्रीनवर चार माणसं, आणि दारातून कुणीतरी मूठ पुढे करून उभं. त्याने स्क्रीनवरची नजर न हलवता बोटाने रजिस्टरकडे खूण केली होती. ती नोकरी मिळाली नाही. अवनीच्या तोंडातली फट त्याला चार दिवसांनी दिसली, तेव्हा त्याला वाटलं, पडला असेल शाळेत.

"कुठे आहे तो दात?"

"फेकला. वास येत होता."

"दुसरा हलतोय का एखादा?"

अवनीने जिभेने ढकलून दाखवला. खालचा, डावीकडचा. चांगलाच हलत होता.

मग त्या रविवारी करमरकरांच्या घरात दुसरं काही झालं नाही. अवनीला पेरू दिला. भाजलेलं कणीस दिलं. मयुराच्या आईने पुण्याहून पाठवलेला डिंकाचा लाडू दिला. तो चाखून मयुराची दाढ दुखायला लागली, अवनीचा दात जागचा हलला नाही.

"दोऱ्याने बांधून दाराला लावू?" धीरजने विचारलं. घराच्या दाराला मूठ मोटारीचीच होती, त्याच्याच कारखान्यातली, सॅंपल पीस.

"धीरज, पुरे. तिचा दात आहे, तुझं टार्गेट नाही," मयुरा म्हणाली.

संध्याकाळी आंटी चपला घालू लागल्या तशी अवनी रजिस्टर घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. जे उरतं ते पुढच्या शिफ्टला जातं, हे तिला बाबानेच शिकवलं होतं. "आंटी, एक पेंडिंग है. दाँत गिरेगा तो आप देख लेना."

"बिल्कुल देखूँगी."

"फोन मत देखना उस टाइम."

"मेरे फोन में है ही क्या," आंटी म्हणाल्या, आणि दाखवलेल्या जागी त्यांनी सही केली.

धीरज तिथेच उभा होता. आंटी, उद्यापासून नाही आलात तरी चालेल, हे वाक्य त्याने तोंडात तयार केलं. मग ते रोपट्याकडे बघत गिळलं.

नव्या कारखान्यात फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागे. सोमवारी धीरज दिवसभर आरशांची तपासणी करत होता. हजारो आरसे, आणि प्रत्येकात तोच माणूस. शिफ्ट सुटायच्या वेळी चार्ज घ्यायला धवल नावाचा पोरगेला सुपरवायझर वही उघडून बसला. "सर, कुछ पेंडिंग?"

धीरजने आठवून पाहिलं. "नहीं."

गेटवर फोन मिळाला. आंटींनी पाठवलेला फोटो होता, एक वाजून वीस मिनिटांचा. रजिस्टरचं पान, त्यावर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा दात, आणि बाजूला वाटाण्याएवढ्या अक्षरांत: 'क्लोज. आंटीने बघितला.'

बसमध्ये त्याने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग दाताऐवजी नुसतेच पांढरे चौकोन दिसायला लागले.