बंधाऱ्याच्या दारावर

मंगळवारी सकाळी आमच्या गावातलं सगळं वेल्डिंग सुटलं. खाटेचे पाय चार दिशांना पडले, फाटकाचे गज अंगणात पसरले, चौकात ट्रॉल्यांचे नुसते पत्रे उरले. आजोबांच्या काळात वेल्डिंगशिवाय, नुसते रिव्हेटचे खिळे ठोकून बांधलेला पूल तेवढा उभा होता.

गावात वेल्डर मी एकटाच. जनरेटर लावून मी आधी हातपंपाचा पाइप जोडायला घेतला. वेल्डिंगचा रॉड वितळत होता, पण लोखंड लोखंडाला धरत नव्हतं. निवृत्त मास्तर सदाशिव लोखंडे पाइप धरून बसले होते. त्यांचा तळवा घसरून सांध्यावर आला आणि सांधा पक्का झाला. तळवा आतच राहिला.

मी विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, नाही, गरम लागतंय फक्त. मग त्यांनी मला चष्मा नीट करायला सांगितलं. मी तो सरळ केला.

तेवढ्यात बंधाऱ्याचा पहारेकरी धावत आला. लोखंडी दरवाजाचे पत्रे एकमेकांपासून सुटत होते आणि मागे पाणी काठोकाठ होतं. कोणी काही ठरवलं नाही. पंपापाशी जमलेले लोक बंधाऱ्याकडे चालू लागले आणि भेगांवर हात ठेवून ओळीनं उभे राहिले. मी जनरेटर तिथं ओढत नेला आणि एकेकाला जोडत गेलो. किराणावाले ओसवाल, दाई हमीदाबी, माझा सख्खा भाऊ. कोणी ओरडलं नाही.

माझी बायको शालन आली तेव्हा मी तिला घरी जायला सांगितलं.

"घराला दार कुठं आहे?" ती म्हणाली आणि डावा तळवा भेगेवर ठेवला.

तिला जोडून मी वळलो, तर मागे कोणीच उरलं नव्हतं. तिच्या शेजारी एकच भेग राहिली होती, दोन तळव्यांएवढी, आणि त्या भेगेतून पाणी माझ्या छातीवर उडत होतं. मी दोन्ही हात भेगेवर दाबले. शालननं मोकळ्या हातानं माझ्या काखेतून रॉडचा होल्डर काढून घेतला. तिनं आयुष्यात तो कधी धरला नव्हता. डोळ्यांपुढे धरायची काळी काच खाली चिखलात पडली होती.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मला बघावं लागेल."

तिनं रॉड टेकवला.