चॅपलसमोरचा एकच ठोका

बारा जुलैला आम्ही प्रोटेस्टंट कॅथलिकांवरच्या जुन्या विजयाची मिरवणूक काढतो; यंदा तिच्यात पुढचा ढोल माझ्याकडे होता. माझ्याकडे! पंधराव्या वर्षी, आणि तेही मुलीकडे! आमच्या पथकात आजवर मुलींनी फक्त झेंड्याच्या दोऱ्या धरल्या होत्या. मी आठवडाभर जमिनीवर चालतच नव्हते.

पुढचा ढोल म्हणजे नुसता मान नाही. मी दोनदा लांब गर्रर्र करून ढोल घुमवला की मगच बासऱ्या सुरू होतात. मी घुमवला नाही तर तीस माणसं ओठाला बासरी लावून नुसती चालत राहतील. आणि कॅथलिकांच्या चॅपलसमोर धून बंद. तिथे एकट्या माझ्या ढोलाचा एकच ठोका, पावलं जुळण्यापुरता. टक. टक. टक. तसा नियमच आहे.

दर्वलाला हे सगळं माहीत होतं. ती त्या बाजूची, कॅथलिक, मी ह्या बाजूची, पण रसायनशास्त्राचा तास आमच्या दोन्ही शाळांचा एकत्र असतो, आणि तिथे आम्ही दोघी एका टेबलावर. दहा तारखेला तिचे आजोबा गेले. तिसऱ्या दिवशी मयत, म्हणजे नेमकी बाराला, सकाळी, आमच्या वाटेवरच्याच चॅपलमध्ये.

तिचा फोन आला. "लिनेट, नुसता ठोकाच ना गं? आईला फार टेन्शन आलंय."

"अगं, ढोल कोणाकडे आहे? मी आहे ना! तू बिनधास्त राहा."

"नक्की?"

"वेडी आहेस का? नक्की!"

सकाळी पथक जमलं तेव्हा मयतीची बातमी सगळ्यांना कळलेली होती. बाबा म्हणाले, "हळू जाऊ या आज. मेलेल्या माणसाशी काय भांडण?"

विल्बर्टकाका माझ्या मागे मोठा ढोल बांधत होता. तो म्हणाला, "हो का? आपल्या डेरिकच्या मयतीला ह्यांच्या गाड्या हॉर्न वाजवत गेल्या होत्या. विसरलास?"

बाबा खाली बघून बासरी पुसू लागले. डेरिक त्यांचा सगळ्यात धाकटा भाऊ. पोलिसात होता, शेतावर दूध काढताना त्या बाजूच्या बंदूकवाल्यांनी गोळ्या घातल्या त्याला. हॉर्नची गोष्ट आमच्या घरात मी बोलायला लागायच्या आधीपासून आहे. इतिहासाच्या पेपरात "संघर्षाची कारणे लिहा" असा प्रश्न होता; मी जमिनी लिहिल्या, राजे लिहिले, आमच्या बेटाची फाळणी, मतं, घरं, नोकऱ्या, सगळं झकास लिहिलं आणि वर्गात पहिली आले. हॉर्न लिहिले नव्हते. पुस्तकात नव्हते ना!

चॅपलच्या वळणावर मी ठोका धरला. टक. टक. अगदी छान चाललं होतं. फाटकाशी काळी गाडी उभी होती आणि शवपेटी बाहेर काढत होते. लोक हाताची घडी घालून आमच्याकडे बघत होते. एक लाल जाकीटवाला पोरगा मोबाईल धरून शूटिंग करत होता. तो ओरडला, "बघा रे! माणसं संपली वाटतं, पोरीबाळी आणल्यात ढोल बडवायला! ए बाई, जड होत असेल तर खाली ठेव की!"

कोणीतरी हसलं. माझे कान तापले.

"दे गं पोरी," मागून विल्बर्टकाका हळूच म्हणाला. "दाखव त्याला."

आणि मी दिलं. काकाने हात धरून वाजवायला लावलं नाही. मीच घुमवला, दोनदा, लांब, आणि बासऱ्या उसळल्या, मोठा ढोल धडाडला, आणि खरं सांगायचं तर मी आयुष्यात इतकं सुंदर कधी वाजवलं नव्हतं. मनगटं नुसती उडत होती! लाल जाकीटवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मग मला दर्वला दिसली. त्यांच्यात घरचे सगळे आळीपाळीने खांदा देतात, मुलीसुद्धा. ती पेटीच्या पुढच्या कोपऱ्याखाली होती, गाल लाकडाला टेकलेला. आणि त्या सहाही जणांची पावलं आमच्या ढोलावर पडत होती. डावा, उजवा, डावा, उजवा. दर्वलाने मध्येच पाऊल बदललं. पेटी हेलकावली, मागच्या माणसाने "सांभाळ!" म्हटलं, आणि ती परत आमच्या तालात आली. तिचे आजोबा आमच्या धूनवर आत गेले.

मी थांबू शकत होते. हे मी शंभर वेळा स्वतःला सांगून पाहिलंय. हात थांबले नाहीत.

मिरवणूक पोचते त्या मैदानावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. "वाघीण आहे वाघीण!" कोणीतरी मला लिंबूपाणी आणून दिलं. बाबा लांब गवतावर एकटेच सँडविच खात बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

संध्याकाळी परत त्याच वाटेने आलो. चॅपलचं फाटक बंद होतं, चिटपाखरू नव्हतं. "नुसता ठोका," विल्बर्टकाका म्हणाला, जांभई देत. "आता ऐकायला कोण आहे इथे?"

टक. टक. टक. आम्ही अगदी सभ्यपणे गेलो. मला त्या रिकाम्या रस्त्यावर जितकी लाज वाटली तितकी सकाळीसुद्धा वाटली नव्हती.

घरी जाऊन मी कोट काढला, स्वेटर घातला आणि दर्वलाच्या घरी गेले. पथकाची पट्टीवाली पँट बदलायचं सुचलंच नाही. दार दर्वलानेच उघडलं. तिने आधी पँटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दर्वला, मी—"

"चहा घे. आलेल्याला चहा दिल्याशिवाय पाठवत नाहीत आमच्यात."

"मी थांबवायला हवं होतं गं."

"आम्ही पाऊल बदलायचा प्रयत्न केला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "जमेना. तू फार पक्कं वाजवतेस."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आत माणसांनी खोली भरली होती. मी आले तशी बोलणी थांबली, मग हळूहळू परत सुरू झाली. एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून मला जागा करून दिली. दर्वलाने माझ्या हातात चहाचा कप दिला आणि ती पुढे गेली.

दर्वलाची आई केकची ताटली घेऊन आली. रडून तिचे डोळे बारीक झाले होते. तिने मला एक तुकडा दिला आणि दर्वलाकडे वळून विचारलं, "ही कोण गं? मैत्रीण का तुझी?"

दर्वला कप गोळा करत होती.

"रसायनशास्त्राला असते," ती म्हणाली.