काळूरामचं ऑपरेशन

"नव्या ऑपरेशन थिएटरची फीत रखमाकाकींच्या हातून कापायची, असं ट्रस्टच्या मीटिंगमध्ये ठरलंय," निकेत म्हणाला. "पुढारी-बिढारी कोणी नको. गावातली बाई, तुमच्या घरोब्यातली. तुम्हालापण तेच आवडेल ना, सर?"

डॉक्टर बबन घरत यांनी हातातला कप बशीत ठेवला. तो वाजत राहिला, तशी वासंतीबाईंनी पुढे वाकून कपबशी आपल्याकडे घेतली. निकेतला त्यात काही वेगळं वाटलं नाही. डॉक्टरांचा उजवा हात थरथरतो हे मुर्ध्यात आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. कधीपासून थरथरतो, हे फक्त नवराबायकोला ठाऊक होतं.

"वहिनींना विचारलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"विचारलं ना. खूश झाल्यात. काळूकाकांचा विषय निघाला की एकच बोलतात, भावजींनी शेवटपर्यंत केलं त्यांचं."

निकेत ट्रस्टचा सेक्रेटरी. उत्साही माणूस. त्याने मोबाइलवर पाटीचं डिझाइन दाखवलं. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं : डॉ. बबन व डॉ. वासंती घरत शस्त्रक्रियागृह. मुर्धा आणि राई या गावांच्या मधलं हे ट्रस्टचं रुग्णालय आधी नुसता बाह्यरुग्ण विभाग होतं. घरत दांपत्याने भाइंदरमधलं आपलं नर्सिंग होम बंद केलं, जागा विकली आणि जे आलं ते इथे घातलं. गेली सहा वर्षं दोघं रोज सकाळी रिक्षाने भाइंदरच्या इंद्रलोकमधल्या घरून इकडे येत. डॉक्टर रुग्ण तपासत, वासंतीबाई औषधांचं कपाट सांभाळत. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत, देवमाणसं आहेत.

निकेत गेला.

"आता सांगावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"सहा वर्षांनी?"

"तिच्या हातून फीत कापून घेऊ, वासंती? त्या खोलीची?"

वासंतीबाई उठून कपबशा घेऊन आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी साडी बदलली होती. "एकट्याने जायचं नाही," त्या म्हणाल्या. "मीपण होते तिथे."

रखमाबाईंचा नवरा काळूराम आणि बबन एकाच आळीतले. दोघांचे बाप एकाच मिठागरात कामाला. बबन शिकत गेला, काळूरामने सातवीला शाळा सोडली आणि तोही मिठागरात उतरला. बबन मेडिकलच्या होस्टेलवर असताना काळूराम दर दोन महिन्यांनी सुकटीचं पुडकं घेऊन यायचा. वासाने सगळा मजला बोंबलायचा आणि काळूराम दारात उभा राहून हसायचा. गावातला पहिला डॉक्टर आपला दोस्त आहे, याचं त्याला जन्मभर कौतुक होतं.

पित्ताशयात खडे झाले तेव्हा काळूरामच्या मुलाने, सुयोगने, बोरिवलीच्या एका सर्जनचं नाव काढलं होतं. तसं काळूरामने डॉक्टरांना फोन करून सांगितलंही. त्यावर डॉक्टर म्हणाले होते, "मी असताना बोरिवलीला कशाला जातोस? उद्याच ये."

तेव्हा हात थरथरायला लागून चार महिने झाले होते. फार नाही, थोडा. ऑपरेशनच्या सकाळी वासंतीबाईंनी नवऱ्याला शर्टाचं बटण लावताना पाहिलं होतं. तीन वेळा सुटलं, चौथ्यांदा लागलं. त्या भूलतज्ज्ञ होत्या. मी भूल देत नाही, एवढं म्हटलं असतं तरी ऑपरेशन थांबलं असतं. त्या काही बोलल्या नाहीत. तीस वर्षांत या माणसाचा हात कधी चुकला नव्हता, आणि हा तर खड्यांचाच प्रश्न होता.

रक्तवाहिनीला धक्का लागला. रक्त थांबेना. काळूराम टेबलावरच गेला. बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट बंद पडलं. रखमाबाई त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. कोणी काही विचारलं नाही. बबनने केलं म्हणजे विचारायचं काय? त्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा हातात सुरी धरली नाही.

दोघं मुर्ध्याला पोचली तेव्हा दुपार कलली होती. रखमाबाई ओटीवर कोलंबी सोलत बसल्या होत्या. समोरच्या शेताच्या जागी टॉवरचं काम चाललं होतं आणि सगळ्या ओटीवर सिमेंटची धूळ होती.

"या या, भावजी! बाय, तू पन आलीस? फीत कापाया मना शिकवाया आलाव का?" त्या हसल्या. "मी निकेतला बोलली, मना कातर धरता येते, भाषन न्हाय येत."

डॉक्टर ओटीच्या कडेला बसले. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. हात चार महिन्यांपासून थरथरत होता. बोरिवलीचा डॉक्टर चांगला होता. मीच नको म्हटलं. हार्ट बंद पडलं नव्हतं, माझ्या हाताने नस कापली गेली. वासंतीबाई म्हणाल्या, "मला सकाळीच दिसलं होतं, वहिनी. मी अडवलं नाही."

रखमाबाईंची बोटं कोलंबी सोलतच राहिली. पाचसहा सोलून झाल्या, मग थांबली.

"त्यांना कललं का?"

"नाही. भुलीत होता. काही कळलं नाही."

"घरून निंघताना बोलले, बबन हाय, सांजच्याला घरी येतंय." रखमाबाई समोरच्या टॉवरकडे बघत होत्या. "मी रोटी करून ठेवलेली."

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तक्रार करा. मी सगळं लिहून देतो, सही करतो. सुयोगला बोलवा, त्यालाही आत्ताच सांगतो."

"त्याला न्हाय सांगायचा!" रखमाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्यो तापट हाय. तुमचा काय करंल न् जेलात जाईल. त्याची पोर लहान हाय." मग आवाज पुन्हा खाली आला. "सा वर्सं तुमी दोघांनी ठेवलात ना पोटान? आता माज्याजवल ठेवून चाललाव. तुमी हलके झालाव, डाक्टर. मी कुनाला सांगू?"

भावजी म्हणायच्या त्या. लग्न होऊन आल्यापासून भावजीच म्हणत आल्या होत्या.

वासंतीबाईंनी त्यांच्या हाताला हात लावू पाहिला. रखमाबाईंनी टोपली उचलली, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. तरी दोघांना ते दार ढकलायचा धीर झाला नाही.

उद्घाटनाला रखमाबाई आल्या नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. पाटी डॉक्टरांनी लावू दिली नाही. निकेत हिरमुसला. "सर, दगड कोरून आलाय," असं दोनदा म्हणाला. शेवटी फीत रुग्णालयाच्या सफाईवाल्या सुगंधाबाईंनी कापली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावात म्हणू लागले, एवढं देऊन नाव नको म्हणतो, काय माणूस आहे! ते कानावर आलं की डॉक्टर रस्ता बदलत. घरीही दोघं कमी बोलायची. हलकं वाटलं नव्हतं. रखमाबाई तेवढं चुकीचं बोलल्या होत्या.

आठवड्यातून तीन दिवस रुचिता नावाची तरुण सर्जन येऊ लागली. हर्निया, अपेंडिक्स, मधुमेह्यांचे चिघळलेले पाय. डॉक्टर शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंतही जात नसत.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी दुपारी सुयोग आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, सान्वीला उचलून धावत आत आला. पोर पोट धरून कळवळत होती. मागून रखमाबाई आल्या, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. रुचिताने तपासलं. अपेंडिक्स फुटायला आलं होतं. भाइंदरच्या फाटकापाशी ट्रॅफिक तुंबलेलं, दुसरीकडे न्यायला वेळ नव्हता. पोरीला आत घेतलं. सुयोगने कागदावर सही केली आणि वळला तर बाह्यरुग्ण विभागातून डॉक्टर आणि वासंतीबाई येताना दिसल्या.

"काका!" त्याने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही आत उभे राहा ना. करू नका काही, नुसते उभे राहा. तुम्ही आहात म्हटलं की मला टेन्शन नाय."

"रुचिता चांगली आहे, सुयोग. माझी गरज नाही."

"असं काय करता काका? बाबांच्या वेळेला तुम्ही होतात ना सोबत. प्लीज. आये, तू सांग ना यांना! तुझं ऐकतील."

रखमाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. ओटीवरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टर वाट बघत राहिले. आत्ता ही बाई बोलली, तर बोलू दे, असंच त्यांच्या मनात होतं.

"त्यांचा वय झाला आता," रखमाबाई म्हणाल्या. "डाक्टर भायेर थांबतीन."

"अगं पण—"

"भायेर थांबतीन बोलली ना मी."

सुयोगने हात सोडले. रुचिता आपल्या भूलतज्ज्ञासोबत आत गेली, दार बंद झालं. या बाजूला उभं राहून ते दार बंद होताना डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी खुर्ची आणून दिली, ते बसले नाहीत. वासंतीबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मधे दोन माणसांची जागा रिकामी होती. सुयोग फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला, "अजून किती, काका?" असं विचारत होता. डॉक्टर दर वेळी उत्तर देत होते.

पाऊण तासाने रुचिता मास्क खाली ओढत बाहेर आली. "छान झालंय. अर्ध्या तासात शुद्धीवर येईल. आधी एकट्या आजीला आत सोडते, चालेल?"

सुयोग भिंतीला टेकून रडायला लागला. रखमाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश सरळ झाल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि दाराकडे निघाल्या. डॉक्टर दारासमोरच उभे होते. ते दोन पावलं बाजूला सरले. रखमाबाई त्यांच्याजवळून आत गेल्या.