मोठ्याने वाचण्याची अट

छगनने पुस्तक मिटले, खुणेसाठी बोट मात्र आतच ठेवले, आणि समोरच्या बंद दाराकडे पाहत तो तिसऱ्यांदा म्हणाला,

“पुट अप विथ.”

अर्थ आठवेना. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत. कुणासोबत काय वर ठेवायचे? त्याने डोळे मिटून घेतले. ओसरीवर दिवेलागणीचा अंधुक उजेड होता. अंगणात निर्मलाबाई गाईपुढे सरकी टाकत होत्या.

“सोसणं,” दारामागून कुणीतरी म्हणाले.

आवाज पुरुषाचा होता. हळू, घोगरा, बरेच दिवस न फिरलेल्या रहाटासारखा. छगनने डोळे उघडले. दार होते तसेच होते, कडी बाहेरून लावलेली. त्याने अंगणात पाहिले. निर्मलाबाईंचा हात टोपल्यात थांबला होता. त्या वळल्या नाहीत.

“पुढे वाच, भाऊ,” त्या गाईकडेच पाहत म्हणाल्या. “थांबू नको.”

छगन पुढे वाचू लागला. लुक आफ्टर, सांभाळणे. पुट ऑफ, पुढे ढकलणे. त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता.

मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा एकट्या इंग्रजीत. गणित, शास्त्र यांत त्याचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. त्याची इंग्रजीशी अडचण वेगळीच होती. हायड्रोजन स्वतः पेट घेतो, ऑक्सिजन दुसऱ्याला पेटायला मदत करतो, आणि दोघे मिळून आग विझवणारे पाणी होते, हे त्याला पटले होते, कारण शाळेतल्या शिक्षकांनी ते काचेच्या नळीत करून दाखवले होते. पण ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, आणि दोन्ही मिळून ‘सोडून देणे’ कसे, हे कुणी दाखवू शकत नव्हते. पाठ कर, म्हणत. पाठ केलेले त्याच्या डोक्यात टिकत नसे.

दुसऱ्या निकालानंतर वडील रागावले नव्हते. दुसऱ्या दिवशी छगन आपल्या गावच्या, कळसाडीच्या शेतात गेला तेव्हा कपाशीतल्या बुजगावण्याच्या अंगावर त्याचा शाळेचा कोट होता. गुंड्या नीट लावलेल्या. वारा आला की एक बाही वर व्हायची, जणू वर्गात उत्तर येत असल्यासारखी. तळोद्याच्या जंगलखात्यात एका ओळखीच्या साहेबांनी त्याच्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती, पण ती फक्त या खेपेपर्यंत. या खेपेलाही नाही झाले, तर घरी तोंड दाखवायचे नाही, हे त्याने त्या कोटासमोर उभे राहून ठरवले होते.

तापीकाठच्या प्रकाशा गावात निर्मलाबाई गिरासे अभ्यासाला जागा देतात, जेवणही घालतात, आणि पैसे घेत नाहीत, असे कुणीतरी सांगितले म्हणून तो इथे आला. अट एकच होती. संध्याकाळी ओसरीवर, मधल्या दाराकडे तोंड करून बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. विधवा बाईला घरात माणसाचा आवाज हवा असेल, असे त्याला वाटले होते.

त्या रात्री तो जेवला, पण चव कळली नाही. सकाळी मात्र त्याची जिज्ञासा भीतीच्या पुढे गेली. तो एकेक शक्यता खोडू लागला. प्रतिध्वनी असता तर तोच शब्द परत आला असता, अर्थ आला नसता. घरात पोपट नव्हता. आवाज आला तेव्हा निर्मलाबाई अंगणात होत्या, हे त्याने स्वतः पाहिले होते. उरला कानांचा भास. त्यासाठी प्रयोग करायला हवा.

संध्याकाळी त्याने मुद्दाम चूक केली.

“टर्न डाउन,” तो मोठ्याने म्हणाला. “खाली वळणे.”

 दारामागे जमिनीवरून काहीतरी सरकत आल्याचा आवाज झाला, अगदी उंबऱ्यापर्यंत. दाराखालच्या फटीत नेहमीसारखा अंधार होता. त्या खोलीत दिवा लागलेला त्याने कधी पाहिला नव्हता. फटीतून आलेला श्वास त्याच्या पायाच्या बोटांना लागला.

“नाकारणं,” आवाज म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “चुकू नको.”

छगनने पाय वर घेतले.

घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बन्सीलालचे किराणा दुकान होते. धुळ्याहून वर्तमानपत्र तिथेच यायचे, म्हणून छगन अधूनमधून जाऊन बसे. बन्सीलालला बोलायला माणूस लागायचा.

“काय छगनभाऊ, गिरासेबाईनी तुले जाड करी टाकं!” तो म्हणाला. “मोठा आवाजमा वाचाले लावस ना ती?”

“हो. का लावतात?”

“पोऱ्यानी आठवण, दुसरं काय. उदेसिंग बी असाच वराडे. सगळा गावले इंग्रजी पाठ व्हई गयं व्हतं.”

“तो कुठे असतो?”

बन्सीलालने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि हनुवटीने नदीकडे खूण केली.

“तापीमायपान. मॅट्रिक फेल व्हयना, चपला घाटवर काढ्यात आनि गया. पुस्तक घरना कोनाडामा नीट ठेई गयथा. मुडदा काही सापडना नई. मग काय करतस? पळसना पानेसना पुतळा कया, तोच जाळा. खांदा मीच दिन्हा.” त्याने खांदा चोळला. “पानेसनं काय वजन ऱ्हास, सांग? तरी आठ दिन मन्हा खांदा दुखे.”

छगन नदीकडे पाहत राहिला.

“असा काय देखस? भ्याना का?” बन्सीलाल हसला. “कोणी भेटना त पहिले पाय देखी लेजो. उलटा ऱ्हातस भूतेसना.”

त्या दिवशी जेवताना छगनने निर्मलाबाईंच्या हाताकडे पाहिले. त्या रोज दोन ताटे वाढत. एक त्याच्यापुढे येई, दुसरे घेऊन त्या मधले दार उघडून आत जात आणि कडी आतून लावत. ते ताट रिकामे होऊन येते की भरलेले, हे त्याने कधी पाहिले नव्हते. आज पाहिले. भाकरीचा एक तुकडा उरला होता आणि त्यावर दात उमटले होते.

“मावशी,” तो म्हणाला, “उदेसिंग आत आहे ना?”

त्यांनी ताट खाली ठेवले. पदर सारखा केला.

“शे,” त्या मान डोलावून म्हणाल्या.

मग हळूहळू त्यांनी सांगितले. तीन वर्षांपूर्वी तो पाण्यात उतरला, पण मरायची हिंमत झाली नाही, आणि घरी यायचीही झाली नाही. पलीकडच्या काठावर, टरबुजांच्या वाडीत तो लपून राहिला. घाटावर आपलाच पुतळा जळताना त्याने तिथून पाहिला. आईचे रडणे त्याला पाण्यावरून ऐकू येत होते. तेराव्याचे जेवण उठल्यावर, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, तो मागच्या दाराने आत आला.

“मी हात पुढे कया. त मांगे सरकना. माले शिवू नको माय, तुले इटाळ व्हई, म्हणे.” निर्मलाबाईंनी जमिनीवरचे भाकरीचे कण बोटाने गोळा केले. “तवपशीन दिवा लागू देत नई. कडी बाहेरथून लाव म्हणस. मन्हासंगे बी बोलत नई.”

“मग लोकांना सांगायचं. जिवंत आहे तो.”

“कोणले सांगू? लोके पाय देखतीन, बेटा. तोंड कोणी देखाव नई.”

मागच्या साली एक विद्यार्थी उन्हातून येऊन ओसरीवर टेकला होता आणि इंग्रजी घोकत होता. एका शब्दाला तो अडला आणि आतून उत्तर आले. तो पोरगा पुस्तक टाकून पळाला, पण निर्मलाबाईंना दोन वर्षांनी लेकाचा आवाज ऐकायला मिळाला होता. तेव्हापासून त्या जागा देत होत्या.

“तू बी जाशी का?” त्यांनी विचारले.

छगनने मान हलवली. नाही.

नंतरचे दिवस त्याने कधी नव्हता इतका अभ्यास केला. तो शब्द म्हणे आणि थांबे. अर्थ आला तर आपणही म्हणे. दारामागचा आवाज दुसरे काही बोलत नसे. “थंडी आहे का आत?” या प्रश्नाला उत्तर येत नसे. “कॅरी आउट” म्हटले की “पार पाडणं” लगेच येई. एकदा, परीक्षा जवळ आली असताना, छगन वैतागून पुस्तकाबाहेरचेच बोलला.

“पण असं का? दोन साधे शब्द. एकत्र आले की तिसरंच काहीतरी का होतं?”

 मग उंबऱ्याजवळून आवाज आला.

“व्हस तसं. मग पहिला दोन्ही ऱ्हात नईत.”

त्या शब्दांचा छगनला नंतर कधी विसर पडला नाही.

धुळ्याला पेपर चांगला गेला, असे त्याला वाटले. निकाल लागेपर्यंत तो प्रकाशालाच राहिला. पुस्तकाची आता गरज नव्हती, तरी संध्याकाळी तो ओसरीवर बसून वाचत असे.

जूनच्या सुरुवातीला बन्सीलालच्या दुकानात निकालाचा अंक आला. छगनने बारीक आकड्यांच्या रांगेवरून बोट फिरवले. त्याच्या आधीचा नंबर होता. नंतरचाही होता. त्याने पुन्हा बोट फिरवले, जणू मधल्या जागेत काहीतरी पुसट छापलेले असेल.

“मिळना का?” बन्सीलालने विचारले.

“बरोबर आहे,” छगन म्हणाला आणि अंकाची घडी घालून परत दिली.

घरी निर्मलाबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. त्याने ओसरीवरचे आपले पुस्तक उचलले, फडक्याने पुसले आणि कोनाड्यात उभे ठेवले.

“मावशी, नदीवर जाऊन येतो.”

“इतला उन्हमा?”

“येतो,” तो म्हणाला. मधल्या दाराजवळून जाताना तो रेंगाळला नाही.

दुपारचा घाट तव्यासारखा तापला होता. खालच्या अंगाला दोन-तीन बाया धुणे धूत होत्या. जेवणाआधीची बुडी मारायला आलेला बन्सीलाल वरच्या पायरीवर बसून डोक्याला तेल चोळत होता. छगनने शेवटच्या पायरीवर चपला काढल्या आणि जोडीने ठेवल्या. त्या इतक्या नीट ठेवल्या गेल्या, याचे त्याला नवल वाटले. पाणी पोटऱ्यांना लागले, मग गुडघ्यांना. डोह सुरू होतो तिथे पाण्याचा रंग बदलला होता. आपल्यासाठी पळसाची पाने तोडायला नकोत, त्याच्या मनात आले. पुतळा तर शेतात उभाच आहे, कोट घालून. नुसती काडी लावायची.

पाणी कमरेला आले.

“पुट अप विथ.”

आवाज मागून आला. मधे दार नव्हते, म्हणून तो छगनच्या ओळखीपेक्षा लहान वाटला.

छगन वळला नाही. त्याला पितळी लोटा पडल्याचे ऐकू आले. लोटा पायरी-पायरीने आपटत खाली आला आणि पाण्यात बुडाला. धुण्याची आपटणी थांबली. कुणी ओरडले नाही. त्या शांततेत बन्सीलालचे “राम राम राम” तेवढे येत होते.

मग तो वळला. घाटावरची सगळी माणसे एकाच जागी पाहत होती, खाली, जमिनीलगत. आणि छगननेही, इतके शास्त्र शिकून, आधी तिथेच पाहिले.

पाय सरळ होते. दगडाखाली उगवलेल्या गवतासारखे पांढरे. पायऱ्यांचे चटके बसत होते, म्हणून तो माणूस एक पाय उचलत होता, तो टेकून दुसरा उचलत होता.

छगनला स्वतःची लाज वाटली. त्याने नजर वर नेली. हाडकुळे अंग, छातीपर्यंत आलेली दाढी, उन्हाने मिटलेले डोळे आणि त्यांवर आडवा धरलेला हात. दुसऱ्या हातात कोनाड्यातले पुस्तक होते. मागे, घाटाच्या तोंडाशी, निर्मलाबाई उभ्या होत्या. धापा टाकत, हातात दार उघडताना निखळलेली कडीची साखळी तशीच.

“घरी चला,” छगन म्हणाला. 

“आधी अर्थ.”

पाणी कमरेभोवती ओढ घेत होते. बन्सीलालने तोंड फिरवले होते. बाया धुणे तसेच टाकून वर निघाल्या होत्या. छगनने ओठ उघडले, पण शब्द यायला वेळ लागला. तो माणूस वाट पाहत राहिला, एक पाय उचलून, मग दुसरा.

“सोसणं,” छगन म्हणाला.

उदेसिंगने मान हलवली. तो शेवटच्या पायरीपर्यंत खाली आला, छगनच्या चपलांत त्याने आपले भाजलेले पाय घातले, आणि चाचपडत पुस्तक उघडून पाण्याच्या दिशेने पुढे धरले.

“पुढे वाच,” तो म्हणाला. “मोठा आवाजमा.”