फिरकीचा पाहुणचार

अर्ध्या गालाला साबण लागलेल्या अवस्थेत वायरमन स्वयंपाकघरात डोकावला, तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि फिरकी खिडकीच्या बाहेर होती.

घर चौथ्या मजल्यावर. खिडकीखालून भिंतीला चिकटून सिमेंटची एक अरुंद पट्टी कोपऱ्यापर्यंत गेलेली, तिच्यावर धड कुंडीसुद्धा राहिली नसती. पट्टीच्या टोकाला एक लठ्ठ कबूतर पिसं फुलवून बसलं होतं. आणि मध्ये फिरकी: शेपूट ताठ, नाक कबुतरावर रोखलेलं, पुढचा एक पाय उचललेला. म्हणजे उरलेल्या तीन पायांवर.

फिरकी शिकारी जातीची कुत्री. पक्षी दिसला की या जातीचं कुत्रं भुंकत नाही, धावत नाही. जागच्या जागी थिजतं आणि मालकाच्या शब्दाची वाट बघतं. मालकाने ‘जा’ म्हटलं, किंवा पक्षी उडाला, की मग झेप. वायरमनने दोन वर्षं तिच्यावर हीच मेहनत घेतली होती. ती थिजली की तो तिच्या कानाशी ताटं वाजवायचा, नाकाखाली मटण धरायचा, नावाने हाका मारायचा. फिरकी ढिम्म हलायची नाही आणि वायरमन आल्यागेल्याला हे कौतुकाने दाखवायचा. बायको म्हणायची, “अहो, पुढे जायला शिकवलंत, तसं परत यायलाही शिकवा.” त्यावर तो नुसता हसायचा.

रोज सकाळी याच खिडकीशी, काच बंद ठेवून, बाहेरच्या कबुतरांवर तो तिची तालीम घ्यायचा. आज उकडत होतं म्हणून त्याने काच सरकवली आणि दाढी करायला गेला. खिडकी त्यानेच उघडली होती, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती.

त्याने हात लांब करून पाहिला. शेपटीपर्यंतसुद्धा पोचला नाही. पोचला असता तरी शेपटीला धरून कुत्रं वाचवल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. खिडकीत चढावं तर कबूतर बुजणार. कबूतर उडालं की फिरकी झेप घेणार, आणि पुढे नुसती हवा.

मागून बायको आली. तिने बघितलं, तोंडावर हात दाबला आणि हळूच म्हणाली, “हाक मारा ना.”

“ऐकत नाही. मीच तसं शिकवलंय.”

“मग ओढून आणा.”

“मी बाहेर जा...”

बायकोने झटकन त्याचं तोंड दाबलं. तिच्या हाताला साबण लागला. पट्टीवर फिरकीच्या कानाचं टोक एवढंसं हललं होतं. दोघं श्वास धरून उभे राहिले. कान पुन्हा स्थिर झाला.

“तो शब्द तोंडातून काढायचा नाही,” ती पुटपुटली. “आजच्या दिवस मुके व्हा.”

मागे सरकताना वायरमन कशाला तरी अडखळला. ते आजोबा होते. आजोबा म्हणजे घरातलं म्हातारं कुत्रं, कानांनी ठार बहिरं, डोळ्यांनी अधू, पण शिस्तीत कुणाला हार न जाणारं. एका शिकारी कुत्र्याने रोख धरला की मागच्यानेही मान देऊन थिजायचं असतं. त्यामुळे आजोबा स्वयंपाकघराच्या दारातच पाय उचलून उभे होते.

बायकोचं लक्ष आजोबांवरून दारावरच्या भिंतीकडे गेलं आणि तिचे डोळे मोठे झाले. “बेल,” ती म्हणाली.

वायरमन काय ते समजला आणि जास्तच हबकला.

फिरकीत एकच खोट होती. दाराची बेल वाजली की ती हातातलं, म्हणजे तोंडातलं, सगळं टाकून चपलांकडे धावायची, एक चप्पल उचलायची आणि पाहुण्यासमोर नेऊन उभी राहायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वायरमनला या पाहुणचाराची भयंकर लाज वाटायची. मागच्या स्पर्धेत तर ती तितरावर रोख धरून उभी असताना कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली, आणि फिरकी तितर सोडून परीक्षकाचा बूट घेऊन आली. मैदान पोट धरधरून हसलं. यंदाची स्पर्धा रविवारी होती. तिची सवय मोडावी म्हणून त्याने आठ दिवसांपूर्वी बेलची वायर तोडून टाकली होती. तेव्हापासून लोक दार बडवत होते आणि फिरकी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मोबाईलच्या रिंगचं तर तिला कधीच काही वाटलं नाही. मोबाईलमधून आजवर एकही पाहुणा घरात आला नव्हता.

“वायर जोडा,” बायको म्हणाली. “मी हिच्यावर नजर ठेवते.”

बेलचा डबा नेमका आजोबांच्या डोक्यावर होता. वायरमनने आजोबांना दोन्ही हातांनी उचललं आणि चपलांच्या कपाटाशी नेऊन ठेवलं. आजोबा त्याच अवस्थेत, पाय उचललेला तसाच ठेवून, कपाटावर रोख धरून उभे राहिले.

स्टूल ठेवलं. मेन स्विच बंद करायला हवा होता, पण त्याचा खटका अख्ख्या घराला ऐकू जायचा, कबूतर बुजलं असतं. हाताखालच्या पोरांनी चालू लाइनला हात लावला तर वायरमन त्यांची सालटी काढायचा. आज त्याने दातांनी चिकटपट्टी सोडवली आणि चालू लाइनवरच पक्कड धरली. गालावरचा साबण वाळून ओढत होता. तांब्याची तार दोनदा निसटली.

“कबूतर उठलं,” खिडकीतून बायकोचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने, “बसलं. पण फिरकीचा मागचा पाय थरथरतोय हो. लवकर करा.”

तारांना पीळ बसला. तो उतरला आणि बायकोकडे बघून नुसती मान हलवली.

“आता बाहेर व्हा, दाबा बटण,” ती म्हणाली. “तुम्ही इथे थांबलात तर काहीतरी बोलून बसाल.”

जिन्यात येऊन त्याने दार ओढून घेतलं. दार बंद नसेल तर पाहुणा कसला? बटणावर बोट ठेवलं. आयुष्यात हजारो बटणं त्याने बसवली होती, एकही दाबताना भीती वाटली नव्हती.

टिंग-टाँग.

आत काही नाही. त्याने पुन्हा दाबलं. दाराला कान लावला. ना पावलं, ना बायकोचा आवाज.

त्याच वेळी जिन्याच्या खिडकीसमोरून एक लठ्ठ कबूतर फडफडत गेलं.

वायरमन मटकन पायरीवर बसला. खिडकी दोन हातांवर होती, पण उठून खाली बघायचं धाडस त्याला झालं नाही. कशाला हवी होती स्पर्धा? दोन वर्षं जिवापाड जपलेलं कुत्रं, रात्री पांघरूण ओढून घेणारं, त्याच्या डब्यातली पोळी पळवणारं, स्वतःच्या हाताने काठावर नेऊन उभं केलं. त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं.

आतून फरशीवर नखं वाजली. टक टक टक. कपाटाशी थांबली. काहीतरी खाली पडलं. मग पुन्हा टक टक, दारापर्यंत.

दार उघडलं. फिरकी उभी होती, तोंडात चप्पल, पार्श्वभागापासून सगळी हलत. तिच्यामागे बायको भिंतीला धरून जमिनीवर बसत होती. “टेम्पो रिव्हर्स घ्यावा तशी आली हो,” ती हसत होती की रडत होती कळेना. “आत उडी मारली आणि मग उडालं मेलं ते कबूतर.”

एरवी वायरमन अशा वेळी डोळे वटारून ‘सोड’ म्हणायचा आणि चप्पल हिसकावून घ्यायचा. आज त्याने उंबरठ्याच्या आत गुडघे टेकून दोन्ही हात पुढे केले आणि मान देऊन चप्पल घेतली. त्याचीच होती. पुरती ओली झालेली. त्याने ती पायात घातली, फिरकीच्या मानेत तोंड खुपसलं, आणि वाळलेला साबण तिच्या केसांना लागला.

“रविवारी पुन्हा कुणाची सायकल वाजली म्हणजे?” बायकोने विचारलं.

“परीक्षकाला सांगू, बूट घट्ट बांधून या.”

तो उठला, एका पायात चप्पल घालून पुन्हा बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बेल दाबली. फिरकी दुसरी चप्पल आणायला पळाली. कपाटाशी आजोबा अजून पाय उचलून उभे होते, तिने त्यांच्या पोटाखालून वाट काढली.