पलीकडचं तिकीट

थोरल्या बहिणीचं, देल्मिराचं पत्र हिवाळ्यात आलं होतं. आता उन्हाळा सरत आला, तरी आन्सेल्मोने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र कसलं, चार ओळी. ‘डोळे फार अधू झालेत. दुपारी पडवीत बसून येर्बाचा तुंबा भरते आणि एकटीच पिते. कार्निव्हलच्या सुट्टीत मी ऐंशीची होईन. येणार आहेस, की तू आपला “आभार” म्हणून मोकळा झालास?’

भावाबहिणींच्या घरांमध्ये एक नदी होती. तिच्या दोन्ही काठांवर येर्बाच्या पानांचा कडू चहा एकाच तुंब्यातून, नळीने, पाळीपाळीने पितात, आणि तुंबा परत देताना ‘आभार’ म्हणायचं ते ‘पुरे, आता नको’ अशा अर्थाने. नाहीतर माणसाने मुकाट्याने नळी ओढावी, तुंबा परत द्यावा आणि पाळी आली की पुन्हा घ्यावा.

धाकट्या भावाला ओळखून असल्यामुळे तिने आपला पत्ता घालून, तिकीट लावून एक पाकीटही आत ठेवलं होतं. तिकीट अर्थात उरुग्वेचं, आणि आन्सेल्मो राहायचा अलीकडे, ब्वेनोस आयरेसला. पलीकडचं तिकीट अलीकडच्या पेटीत चालत नाही, एवढं निमित्त त्याला पुरलं. खरं कारण निराळं होतं. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासलेली. स्वतःचं वाक्य लिहिलं की त्याला त्यात खोट दिसे. ‘प्रिय ताई’पुढे स्वल्पविराम द्यावा की अपूर्णविराम, इथेच कागद फाटायचा.

तरी तो निघाला होता, न कळवताच. पिशवीत कपड्यांचा एक जोड, आपलं जुनं भिंग आणि ताईचं ते रिकामं पाकीट.

धक्क्यावरच्या इमारतीत शिरला तर रांगेचं शेपूटच सापडेना. निम्मं शहर सुट्टीला नदीपार निघालेलं आणि त्यात संगणक बंद पडलेले. पार पुढे काचेच्या खिडकीआड दोन देशांचे दोन अधिकारी कोपराला कोपर लावून बसले होते. एकाने निरोप द्यायचा, दुसऱ्याने आत घ्यायचं. पण ती खिडकी नुसती लांबून दिसत होती.

“शेजारी, शेपूट शोधताय? हे काय, माझ्या मागेच आहे. पकडा!” काखेत थर्मास दाबून उभी असलेली एक जाडजूड बाई म्हणाली. तिचं नाव मिर्ता, हे तिनेच सांगून टाकलं. तुंबा भरून तिने तो आन्सेल्मोपुढे केला. तो प्याला. परक्या बाईला त्रास नको म्हणून पुटपुटला, “आभार.”

“एवढ्यात? फार कडू झालाय का?”

“छे छे, छान होता.”

“मग? बरं, तुमची मर्जी.”

नियम तो नियम. तुंबा मागच्या मिशाळ गृहस्थाकडे गेला आणि मग आन्सेल्मोच्या नाकाखालून येजा करत राहिला. घसा कोरडा पडला होता, पण आता मागायचं कुठल्या तोंडाने?

एवढ्यात कर्ण्यातून घोषणा झाली: ठरलेली बोट गेली, राहिलेल्यांनी शेवटच्या बोटीने जावं, ती चुकली तर सुट्टी संपेपर्यंत जागा नाही. रांगेत शिव्यांचा गलका उठला. आन्सेल्मोला मात्र हायसं वाटलं. ताईला कळवलंय कुठे? वाट कोण पाहतंय? परत फिरलो तर कोणाला पत्ताही लागणार नाही.

“जरा जाऊन येतो,” म्हणत त्याने पिशवीला हात घातला.

“पिशवी असू द्या की! तीच तुमची जागा राखेल.”

घरी चाललोय, हे सांगायचा धीर झाला नाही. हात हलवत तो दारापाशी गेला आणि पिशवी कशी सोडवावी याचा विचार करत खांबाआड उभा राहिला.

रांग सरकली. मिशाळ गृहस्थाने पायाने हळूच त्याची पिशवी पुढे ढकलली. पुन्हा सरकली, पुन्हा ढकलली. मागून गवती टोपीवाला एक जण ओरडला, “ही पिशवी कोणाची? पिशवीला काय ओळखपत्र असतं?”

“आहे ना,” मिर्ता म्हणाली. “फोटो तुमच्यापेक्षा बरा आलाय.”

“म्हातारा पळाला असणार, बाई!”

“तोंड सांभाळा. आमचे शेजारी आहेत ते. येतो म्हणून गेलेत, येतील.”

खांबाआड आन्सेल्मोने चष्मा काढून पुसला. या माणसांनी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आपल्या जागेवर आपल्यापेक्षा त्यांचाच जास्त विश्वास आहे, असं त्याला वाटलं. तो परत निघाला.

“आलात? तुमची पिशवी बरीक चलाख आहे हो, केवढी पुढे आली बघा!”

“बाई… आणखी एक मिळेल का?”

“आभार म्हणाला होतात ना?”

“तो मुद्रणदोष होता.”

मिर्ता इतक्या मोठ्याने हसली की टोपीवालाही हसला. तिने तुंबा भरून दिला. आन्सेल्मोने तो संपवला आणि काही न बोलता परत केला. पुन्हा पाळी आली, पुन्हा तसाच. गप्प राहण्यातही एवढी कृतज्ञता मावते, हे त्याला या वयात कळत होतं.

खिडकीशी पोचले तेव्हा शेवटच्या बोटीचा भोंगा वाजत होता. “मुक्काम किती?” पलीकडच्या देशाच्या अधिकाऱ्याने विचारलं.

“बहीण कंटाळेपर्यंत,” आन्सेल्मो म्हणाला, आणि आपणच हे बोललो याचं त्याला नवल वाटलं.

बोटीत त्याने मांडीवर कागद धरून एकदाच लिहिलं. ‘ताई अजून पुरे नाही झालं भर.’ विरामचिन्हं राहिली. राहू दे. कागद त्याने ताईच्या पाकिटात घालून ते चिकटवलं.

पलीकडे, ताईच्या गावी, कोलोनियाच्या धक्क्यावर ऊन कलतं झालं होतं. निघताना मिर्ताशी काहीतरी बोलायला हवं होतं. तो शब्द जिभेवर आलाही, पण त्याने तो गिळला आणि “येतो, शेजारीण” एवढंच म्हणाला.

“या,” ती म्हणाली.

ताईच्या घराच्या वाटेवर टपाल कचेरी होती, सुट्टीमुळे बंद. पण भिंतीतल्या पेटीचं तोंड उघडं होतं. पत्र घरी पोचायला सुट्टी संपावी लागेल. तोवर तो तिथेच असेल, आणि तिचे डोळे अधू म्हणून त्यालाच ते तिला वाचून दाखवावं लागेल. त्याने पाकिटाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. तिकीट घट्ट होतं आणि या काठावर चालणारं होतं. त्याने पाकीट आत सोडलं.